हळद लागलेले संगणक

लग्नानंतर मी प्रत्येक गावात काहीतरी सुरू केलं आणि प्रत्येक गावात ते अर्धवट सोडलं. नवरा बँकेत अधिकारी, त्यामुळे तीन-चार वर्षांनी बदली ठरलेलीच. सांगलीत एका छापखान्यात काम शिकले, रायपूरला शाळेत शिकवलं, बडोद्यात एका वकिलांकडे टायपिंग केलं. हुकूम आला की मी राजीनामा लिहायची आणि हे खोकी आणायचे. निरोपाला लोक भिंतीवरचं घड्याळ द्यायचे. कोणास ठाऊक का, पण सगळीकडे घड्याळच. आमच्याकडे इतकी घड्याळं जमली होती की नव्या घरात आधी खिळे मोजावे लागत.

जयपूरला आलो तेव्हा मुलगी सातवीत होती आणि मी चाळिशीला टेकले होते. विद्याधर नगरात भाड्याचं घर मिळालं. खोकी उघडता उघडताच मी यांना सांगितलं, "या वेळी नोकरी नाही. स्वतःचं काढणार आहे. आणि एकदा काढलं की मोडणार नाही."

"आणि बदली झाली तर?"

"तुम्ही जा."

हे हसले. मी हसत नाही हे पाहिल्यावर जरा सावरून बसले. म्हणाले, "अगं, आधी चालू तर होऊ दे. बदलीच्या वेळी दुकान आपल्या पायावर उभं असेल तर मी एकटा जाईन, खानावळीत जेवीन. नसेल तर नेहमीसारखं आवरायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. नवरा माणूस म्हणून वाईट नाही, पण बँकेतला आहे. अटीशिवाय त्याला काही देता येत नाही.

सेक्टरच्या बाजारात, एका रांगेतल्या शेवटच्या गाळ्यात मी टायपिंग आणि छपाईची जुळणी करायचं दुकान थाटलं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, बिलबुकं, आणि दुर्गापुऱ्याच्या शेतकी संस्थेतून येणारे प्रबंध. हे प्रबंधवाले माझं मोठं गिऱ्हाईक. बाजरीच्या वाणांबद्दल मला आज जेवढं माहीत आहे तेवढं माहेरच्या कुणालाच नसेल. पहिल्या वर्षी एक संगणक होता, तिसऱ्या वर्षी चार झाले. दोन मुली कामाला ठेवल्या. दुकान पायावर उभं राहत होतं. पाय जरा लटपटत होते, पण होते.

माझ्या शेजारी फोटो स्टुडिओ होता. त्याचे मालक साठीकडे झुकलेले, मी त्यांना भाईसाहब म्हणायची. त्यांच्यापलीकडे रेल्वे आणि बसची तिकिटं काढून देणारा एक तरुण गृहस्थ, तो सगळ्यांचा भैया. आणि जिन्यावर एक होमिओपॅथीचे डॉक्टर. त्या सगळ्यांच्या मशिनी मीच बसवून दिल्या होत्या. मतलब, मला फार येत होतं अशातला भाग नाही. माझ्या मशिनी बसवताना बिघडवून बिघडवून मी जे शिकले, ते त्यांच्या कामी आलं.

इंटरनेटची लाइन फक्त माझ्याकडे होती. भाईसाहब वर-वधूचा फोटो सीडीवर घालून माझ्याकडे आणायचे, मी तो पत्रिकेत बसवायची, मग सीडी परत. एका दुपारी भैया वैतागला, कुठून तरी ड्रिल मशीन घेऊन आला आणि त्यानं भिंतीला भोकच पाडलं. भोकातून तार गेली. मग पुढच्या भिंतीला भोक, मग जिन्याच्या कडेनं वर डॉक्टरांकडे. माझ्या दुकानात एक लहानशी डबी होती, तिच्यात सगळ्यांच्या तारा येऊन मिळत. स्टुडिओतला फोटो जागेवरून माझ्याकडे यायचा, भैयाची तिकिटं माझ्या प्रिंटरवर निघायची, डॉक्टरांच्या बाटल्यांची लेबलं मी इथून काढून वर पाठवायची. लाइनचा खर्च आम्ही वाटून घ्यायचो.

गंमत म्हणजे फोटो तारेतून पाठवल्यावर भाईसाहब भिंतीपलीकडून ओरडून सांगायचेच, "मैडमजी, भेज दिया!" मीसुद्धा ओरडायची, "मिल गया!" दुपारच्या वेळी ती रांग म्हणजे एकच मोठं घर होतं. इतक्या गावांत राहून मला शेजार असा कुठे मिळाला नव्हता.

मग तो कर आला.

मी कायद्यातली बाई नाही. जे कळलं ते असं, की राज्यानं धंद्याच्या ठिकाणी तारेनं एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर कर बसवला होता. टेलिफोन आणि केबल टीव्हीवर जसा कर असतो तसा, जोडलेल्या दर मशीनमागे. एका मालकाचे पाचपर्यंत संगणक जोडलेले असतील तर माफी. त्याच्या वर गेलात की पहिल्यापासून सगळ्यांवर लागू. कुणाच्या तरी डोक्यात असं असणार, की तारांचं जाळं म्हणजे मोठी कंपनी, काचेची इमारत, गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं. आमच्या रांगेतल्या भोकाभोकातून गेलेल्या तारा त्या डोक्यात मावणाऱ्या नव्हत्या.

मोठ्या कंपन्यांना काय, त्यांच्याकडे सल्लागार असतात. लहान दुकानदारानं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानं तार उपटली. आमच्या सेक्टरात एका आठवड्यात किती तरी दुकानं पुन्हा सीडी घेऊन या मशीनवरून त्या मशीनवर जायला लागली. कर भरायचा नाही म्हणून नव्हे. खात्याच्या वहीत आपलं नाव नको म्हणून. सरकारच्या तिजोरीत यातून काय पडलं ते मला माहीत नाही, पण माणसं पुन्हा चालायला लागली एवढं खरं.

सगळ्यांच्या तारा माझ्याच डबीत येत, तेव्हा सगळ्या मशिनी माझ्याच धरतील या धास्तीनं आमचीही मी उपटली. माझ्या चार मशिनी आपसात जोडलेल्या ठेवल्या, त्या माफीत बसत होत्या. बाकीच्यांच्या तारा गुंडाळून ज्याच्या त्याला दिल्या. भैया म्हणाला, "कौन देखने आता है, मैडम?" मी ऐकलं नाही. सरकारी कागदाची भीती आमच्या घरात जेवणाबरोबर वाढली जाते. त्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून कुणी ओरडलं नाही. मला करमेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून मांडतात, हळदीकुंकू लावतात, फुलं वाहतात आणि दिवसभर त्यांना काम सांगत नाहीत. माझ्या वडिलांचा शिवणाचा धंदा होता. ते कात्रीपासून अंगुस्तानापर्यंत सगळं मांडायचे. मी दरवर्षी दुकानातल्या मशिनी बंद ठेवून त्यांची पूजा करायची. इथले लोक आपल्या मशिनींची पूजा दिवाळीला करतात, रोळीचं, म्हणजे त्यांच्या कुंकवाचं, स्वस्तिक काढून. पिवळ्या बोटाशेजारी लाल बोट हा प्रकार त्यांना नवा होता.

त्या वर्षी माझं मन भरून आलं होतं म्हणा किंवा काही म्हणा, पण मी माझ्यापुरती थांबले नाही. पंचपाळं आणि गेंद्याची फुलं घेऊन निघाले. भाईसाहबांच्या मशिनींना लावलं, भैयाच्या मशिनींना लावलं, वर जाऊन डॉक्टरांच्या एकुलत्या एक संगणकाला लावलं. तारा काढल्या त्याचं परिमार्जन केल्यासारखं मला वाटत होतं. खाली आल्यावर विजेच्या मीटरच्या फळीला लावलं. कोपऱ्यावर टेलिफोनचा लोखंडी डबा होता, ज्यातून आमच्या लाइनी यायच्या, त्यालाही लावलं. ज्यावर पोट चालतं त्या सगळ्याला लावायचं असतं. भाईसाहबांनी हात जोडले, भैयानं पेढा मागितला, डॉक्टर म्हणाले, "इससे वायरस नहीं आएगा?" मी म्हटलं, "गोली तो आपके पास है."

ओल्या हळदीचं बोट पांढऱ्या प्लास्टिकवर लागलं की जात नाही. पुसलं तर आणखी पसरतं. हे मला माहीत होतं, पण त्यात वाईट काय आहे असंच वाटायचं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात खात्याचे निरीक्षक आले. तरुण होते, नम्रही होते. आधी भैयाकडे गेले, मग स्टुडिओत, मग वर, आणि शेवटी माझ्याकडे. त्यांनी भिंतीतली भोकं पाहिली. मी सांगितलं, तार होती, कायदा आला तशी काढली. त्यांनी मान डोलावली. मग माझ्या मशिनींकडे पाहिलं आणि जवळ जाऊन वाकून पाहिलं. पिवळं बोट, लाल बोट.

"यह क्या है, मैडम?"

मी उत्साहानं खंडेनवमी समजावून सांगितली. कुणी विचारलं की मी सांगतेच, माझा स्वभाव आहे.

"अच्छा. तो मशीन की पूजा मालिक करता है?"

"हाँ, बिल्कुल. जिसकी मशीन, वही पूजा करता है."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, चला, आपल्या सणाची सरकारदरबारी नोंद झाली.

ते गेल्यावर भैया धावत आला. त्याला आणि भाईसाहबांनाही निरीक्षकांनी विचारलं होतं, हे कुणी लावलं? दोघांनी सांगितलं, मैडमनी. मशीन कुणी बसवली? मैडमनी. मग मशीन कुणाची? इथे दोघांची जीभ अडखळली होती. भाईसाहब म्हणाले होते, "सब मैडम ही जानें." डॉक्टरांनी तर हातच वर केले होते.

पुढच्या शनिवारी नोटीस आली. रांगेतल्या सगळ्या मशिनी माझ्या, मी त्या वेगवेगळ्या दुकानांत वाटून ठेवल्या, तारा तपासणीपुरत्या काढल्या, आणि त्या सगळ्या मिळून माफीच्या वर जातात. पुरावा काय, तर एकसारखी धार्मिक खूण आणि मालकीणबाईंचं स्वतःचं म्हणणं. दंडासकट जी रक्कम लिहिली होती ती भरायची तर दोन मशिनी विकून कामावरच्या मुलींना घरी पाठवावं लागलं असतं. म्हणजे दुकान आटोपलंच.

मी ती नोटीस यांना दाखवली नाही. रविवारी आमच्या मराठी मंडळींची कानोत्याच्या धरणावर सहल होती. बँकेतली, विम्यातली, छावणीतली कुटुंबं, डबे, सतरंज्या, अंताक्षरी. मी पुरणपोळ्या वाटत होते आणि माझं कशात लक्ष नव्हतं. यांचंही नव्हतं. शेवटी आम्ही दोघं पाण्याच्या कडेनं चालायला लागलो.

"तुला काहीतरी सांगायचंय," हे म्हणाले.

"मलाही. आधी तुम्ही."

"हुकूम आलाय. नागपूर. शुक्रवारीच आला, पण म्हटलं आजची सहल होऊ दे."

मग मी नोटिशीचं सांगितलं.  मुलगी मागून आली होती, तिनं सगळं ऐकलं. "मतलब आपण परत जाणार? आई, माझं दहावीचं वर्ष आहे!" तिचं मराठी असंच, निम्मं हिंदी. पण रडली ती शुद्ध मराठीत.

हे मला म्हणाले, "बघ, दुकान उभं असेल तर मी एकटा जाईन हे मी आजही म्हणतो. पण हे असं झाल्यावर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती, कबूल मीच म्हटलं होतं. मला त्यांचा राग आला, निरीक्षकांचा आला, आणि सगळ्यात जास्त हळदीचा आला. पंचपाळं धरणात फेकून द्यावंसं वाटलं. घरी होतं म्हणून वाचलं.

सुनावणीला मी एकटी गेले. मोठे साहेब वयस्कर होते, गळ्याला मफलर, बोलणं सावकाश. निरीक्षकांनी वाचून दाखवलं. साहेबांनी मला विचारलं, "मशीन की पूजा मालिक करता है, यह आपने माना है?"

"माना है, साहब. पर मैंने यह नहीं कहा कि मैं जिसकी पूजा करूँ वह मेरा हो जाता है."

"मतलब?"

मग मी बांध फुटल्यासारखी बोलले. मीटरच्या फळीला लावलंय, म्हणजे वीज माझी का? कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या डब्याला लावलंय. तोही माझाच म्हणा, त्याच्यातून तर सगळ्या सेक्टरच्या तारा जातात, त्यांचाही कर माझ्याकडूनच घ्या. माझं हिंदी रागात मराठी वळणावर जातं, पण साहेबांना कळलं. त्यांनी चष्मा काढला.

"डिब्बे पर है क्या?" त्यांनी निरीक्षकांना विचारलं.

"देखा नहीं, सर."

"तो देखिए." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मैडम, आपकी बात ठीक है. टीका लगाने से कोई मालिक नहीं हो जाता. लेकिन मशीनें किसी की तो होंगी? जिनकी हैं, वे आकर कह दें कि हमारी हैं. बस." आणि पुढची तारीख दिली.

मी हवेत तरंगत परत आले. सोपंच होतं. तिघांनी यायचं आणि एक वाक्य बोलायचं.

डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी पेशंट फार असतात. कुठल्याही दिवशी त्यांच्याकडे पेशंट फार नसत. भैयानं मान खाली घातली आणि म्हणाला, भाईसाहब जे करतील ते मी करेन. म्हणून मी स्टुडिओत गेले.

भाईसाहबांनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि मग खरं ते सांगितलं. त्यांच्या मशिनी रोखीनं घेतलेल्या होत्या, बिलाविना. भैयाच्याही तशाच. अर्ध्या बाजाराच्या तशाच असतात. मशीन माझी असं खात्यापुढे म्हटलं की पहिला प्रश्न येणार, बिल कुठाय? आज संगणकाचं विचारतील, उद्या कॅमेऱ्याचं, परवा दुकानाचं.

मी म्हटलं, "पण भाईसाहब, नाही आलात तर माझं दुकान जाईल."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग मऊ आवाजात म्हणाले, "मैडमजी, बुरा मत मानना. आप तो ट्रांसफर वाले लोग हो. साल-दो साल में चले जाओगे. हमें यहीं रहना है."

मला फार लागलं ते. त्यात खोटं काहीच नव्हतं म्हणून जास्त लागलं. सांगलीत, रायपुरात, बडोद्यात, सगळीकडे लोकांनी माझ्याशी चांगलं वागून मनात हेच धरलेलं असणार. ही काय, जायचीच आहे. म्हणून तर घड्याळं देत होते.

"बदली आली आहे," मी म्हटलं. "नागपूरला. हे जातील. मी नाही जाणार."

"दुकान चली गई, तब भी?"

"दुकान गेलं तरी. याच रांगेत पुन्हा काढीन. नाहीतर तुमच्याकडे नोकरी करीन."

ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता. बोलून झाल्यावर मला स्वतःलाच कळलं, की मी हे अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी सांगितलं. हे पानावर बसले होते. म्हणाले, "पण आपलं ठरलं होतं, दुकान उभं असेल तर."

"दुकानाचं सुनावणीत कळेल. माझं आज कळलं."

यांनी भात संपवला, ताक प्यायले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मग यातलं एक घड्याळ मी घेऊन जाऊ का?"

"दोन न्या," मी म्हटलं, आणि तिथेच मला रडू फुटलं. हे उठून उष्ट्या हातानं माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मुलगी आतून ओरडली, "मतलब मी इथेच दहावी देणार ना?"

दुसऱ्या तारखेला मी बाकावर बसून होते. माझं नाव पुकारायची वेळ आली तरी कुणी आलं नव्हतं. मी उठले, आत गेले, आणि माझ्या मागोमाग भाईसाहब आत आले. इस्त्रीचा सफारी सूट, केसांना तेल. मागे भैया. लग्नाच्या फोटोला उभे राहावेत तसे ते दोघं माझ्या बाजूला उभे राहिले.

"मशीनें मेरी हैं," भाईसाहब म्हणाले. "मैडम ने बैठाई थीं. पैसे मैंने दिए थे."

"बिल?"

"नहीं है, साहब. जैसे सब लेते हैं, वैसे ली हैं."

 भैयानं तेच सांगितलं, थोडं तोतरं बोलत. साहेबांनी दोघांकडून लेखी घेतलं. त्या बिलांचा त्रास दोघांना पुढे झालाच, फेऱ्या माराव्या लागल्या. पण त्याबद्दल मला त्यांनी एका शब्दानं कधी ऐकवलं नाही. डॉक्टरांचा संगणक तेवढा राहिला. त्याला कुणी वाली नव्हता.

"इसका क्या करें?" साहेबांनी विचारलं.

"मेरा लिख दीजिए," मी म्हटलं. माझे चार आणि हा पाचवा, माफीत बसत होता. त्यामुळे डॉक्टरांचा संगणक खात्याच्या लेखी माझा झाला, आणि त्यांना ते अजून माहीत नाही.

निरीक्षकांनी निघताना मला थांबवलं. म्हणाले, "डिब्बे पर था, मैडम. मैं देख आया." मी त्यांना माझ्या जेवणाच्या डब्यातली बेसनाची वडी दिली. त्यांनी घेतली.

नोटीस रद्द झाली. हे दोन घड्याळं घेऊन नागपूरला गेले आणि तिथल्या खानावळीबद्दल दर रविवारी फोनवर तक्रार करू लागले. आमच्या तारा मात्र परत आल्या नाहीत. भैयानं स्वतःची लाइन घेतली आणि तिकिटामागे जरा जास्त मागायला लागला. भाईसाहब सीडी घेऊन माझ्याकडे यायचे, पण गुडघे दुखायला लागल्यावर पत्रिकेचं बरंचसं काम त्यांनी सोडलं, आणि त्यांनी सोडलं तसं माझंही थोडं कमी झालं. काही वर्षांनी तो कर गुपचूप मागे घेतला गेला असं कुणीतरी सांगितलं. तोवर भिंतीतली भोकं बुजवून झाली होती. कर जातो, पण उपटलेली तार पुन्हा जोडायला माणसं धजावत नाहीत, हे त्या कागदावर कुणी लिहिलेलं नव्हतं.

आता राहिली नोटीस रद्द झाली त्याच्या पुढच्या वर्षीची खंडेनवमी.

या वेळी मी कानाला खडा लावला होता. आपल्या मशिनी, आपलं पंचपाळं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मीटर आणि टेलिफोनचा डबा यांनाही लांबूनच नमस्कार. मी मशिनी पुसून मांडल्या आणि हळद कालवत होते, तेवढ्यात दारात सावली पडली.

भाईसाहब उभे होते. दोन्ही हातांत त्यांनी संगणकाचा जड डबा छातीशी धरला होता, आणि गुडघ्यामुळे ते थोडे वाकले होते. मागे भैया, त्याच्याही हातांत तसाच. त्यांनी सकाळपासून मशिनी चालूच केल्या नव्हत्या.

"आप नहीं आईं," भाईसाहब धापा टाकत म्हणाले, "तो हम ले आए."

मी पटकन पुढे होऊन डबा धरला आणि माझ्या मशिनींच्या शेजारी ठेवला. त्यांनी घाम पुसला, दाराबाहेर दोन्हीकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मैडमजी, एक काम करना. निशान पीछे की तरफ लगाना. साहब लोग पीछे नहीं देखते."

मी हळदीत बोट बुडवलं आणि पुढेच लावलं. त्याच्याशेजारी कुंकू लावलं.

भाईसाहबांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.